क्लायंट आणि सर्व्हरमध्ये कोड शेअर करायचा, पण नेमका कुठला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फ्रंटएंड (म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा भाग, क्लायंट) रिअ‍ॅक्टमध्ये, सर्व्हर नोड आणि एक्सप्रेसवर, दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट, पण रेपो (कोड ठेवायच्या जागा) दोन. व्हॅलिडेशन (भरलेला डेटा बरोबर आहे का याची तपासणी) दोनदा लिहिलंय, आणि मधल्या काळात कोणीतरी सर्व्हरवर नावाची मर्यादा ५० ची ४० केली, फ्रंटएंडला ते कळलंच नाही, त्यामुळे लोक नोंदणीचा अख्खा फॉर्म भरून बटण दाबतात आणि मग एरर येते. आता टीममध्ये असं ठरतंय की एक कॉमन फोल्डर करायचा आणि मॉडेल्स, युटिल्स, कॉन्स्टंट्स सगळं त्यात टाकायचं. हे बरोबर आहे का? शिवाय रिपोर्ट आणि इम्पोर्टचा एक भाग पायथॉनमध्ये आहे, त्याचं काय करायचं?

कोड शेअर नक्की करा, पण "सगळं" टाकू नका. मी गेली बरीच वर्षं असे प्रोजेक्ट करतेय, आणि जिथे त्रास झाला तिथे तो कमी शेअर केल्याने क्वचित झाला, बहुतेक वेळा जे शेअर करायला नको होतं ते केल्याने झाला. मी प्रत्येक फाइलबद्दल एकच प्रश्न विचारते: हा कोड उद्या दोन बाजूंना वेगवेगळा झाला तर वापरणाऱ्याला चुकीचं काही दिसेल का, किंवा डेटा बिघडेल का? उत्तर हो असेल तर तो एकाच जागी हवा. तुमची ४० आणि ५० ची गोष्ट त्यातलीच. पण दोन्हीकडे स्ट्रिंगचं पहिलं अक्षर मोठं करणारं चार ओळींचं फंक्शन आहे, तेवढं दिसायला सारखं आहे म्हणून ते उचलून कॉमनमध्ये टाकायची गरज नाही, ते दोन्हीकडे सुखाने राहू दे. दिसायला सारखं असणं वेगळं आणि सारखंच राहायला पाहिजे असणं वेगळं, हा फरक पहिल्याच दिवशी टीममध्ये बोलून घ्या.

नावावरूनच सुरुवात करते कारण ते क्षुल्लक वाटतं पण नाहीये. फोल्डरचं नाव "कॉमन" किंवा "युटिल्स" ठेवलं की सहा महिन्यात त्याचा अडगळीचा माळा होतो, ज्याला जे कुठे ठेवायचं कळत नाही ते तो तिथे ठेवतो, कारण नाव कशालाच नाही म्हणत नाही. आम्ही त्या पॅकेजला "काँट्रॅक्ट" म्हणतो. मग रिव्ह्यूमध्ये विचारता येतं की हे बटणाच्या रंगाचं कॉन्स्टंट काँट्रॅक्टमध्ये का आलं, आणि टाकणाऱ्यालाही लगेच पटतं.

त्यात काय ठेवायचं? सगळ्यात आधी स्कीमा, म्हणजे दोन बाजूंमधून जो डेटा ये-जा करतो त्याचं वर्णन. इथे बरेच जण फक्त टाइपस्क्रिप्टचे टाइप्स शेअर करतात आणि काम झालं समजतात. टाइप्स कंपाइल झाल्यावर पुसले जातात, चालू प्रोग्रामला त्यांचा पत्ताच नसतो. फेचने (ब्राउझरमधून सर्व्हरकडे डेटा मागायची सोय) आलेला रिस्पॉन्स जेसन (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची पद्धत) म्हणून वाचला की टाइपस्क्रिप्ट त्याला "एनी", म्हणजे "काहीही असू शकतं", म्हणतो, त्यापुढे तुम्ही "अ‍ॅज यूझर" लिहिलंत की तो निमूट मान्य करतो, तपासत काहीच नाही. आणि सर्व्हरच्या बाजूला तर रिक्वेस्ट बॉडीत कोणीही काहीही पाठवू शकतो, ब्राउझर उघडायचीसुद्धा गरज नाही, कर्लने (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) पाठवलं तरी पोचतं. म्हणून झॉडसारखी, चालू प्रोग्राममध्ये डेटा तपासणारी लायब्ररी घ्या, स्कीमा एकदा लिहा आणि टाइप त्याच्यातूनच काढा, दोन वेगळे लिहू नका. तोच स्कीमा फॉर्मवर चालतो, तोच सर्व्हरवर चालतो, आणि तुमची ४० आणि ५० ची भानगड तिथेच संपते.

पण सर्व्हरवरची तपासणी कधीही काढायची नाही. "क्लायंटने चेक केलंय ना, आता तोच कोड आहे, परत कशाला" असं वाक्य मी रिव्ह्यूमध्ये ऐकलंय. क्लायंटवरची तपासणी माणसाची सोय म्हणून असते, की लगेच कळावं काय चुकलं. नियम पाळला जातो तो सर्व्हरवर. कोड एक झाला म्हणून भरवसा एक होत नाही.

आणि सगळे नियम शेअर होणारही नाहीत. ईमेल आधीच कोणी वापरलाय का, स्टॉक उरलाय का, या माणसाला परवानगी आहे का, हे डेटाबेसला विचारल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे स्कीमाचे दोन थर ठेवा: आकाराचे आणि फील्ड-फील्डमधले नियम (शेवटची तारीख सुरुवातीच्या नंतरची पाहिजे वगैरे) काँट्रॅक्टमध्ये, आणि डेटाबेस लागणारे नियम सर्व्हरच्या कोडमध्ये, त्याच स्कीमावर पुढे वाढवलेले. एरर परत पाठवताना वाक्य पाठवू नका, कोड पाठवा, उदाहरणार्थ "नाव-फार-लांब" आणि सोबत मर्यादा ४०. कोडची यादी काँट्रॅक्टमध्ये, वाक्यं फ्रंटएंडच्या भाषांतराच्या फाइलमध्ये. नाहीतर सर्व्हरवरचं एखादं वाक्य कोणी सुधारतं आणि फ्रंटएंडमध्ये त्या वाक्याशी तुलना करून चालणारी इफ कंडिशन गपचूप बंद पडते. हे होतं, खरंच होतं. एरर ओळखताना "इन्स्टन्स-ऑफ"वरही (ही एरर त्या क्लासची आहे का, ही तपासणी) विसंबू नका, नोड मॉड्यूल्समध्ये त्याच लायब्ररीच्या दोन कॉप्या आल्या तर एका कॉपीची एरर दुसरीच्या क्लासची नसते आणि चेक खोटा येतो, शोधायला दिवस जातो.

आता जेसनबद्दल, कारण शेअर केलेले टाइप्स सगळ्यात जास्त खोटं इथे बोलतात. सर्व्हरवर ऑब्जेक्टमध्ये तारीख "डेट" म्हणून आहे, टाइपमध्येही डेट लिहिलंय, पण जेसनमधून जाताना तिचं स्ट्रिंग होतं आणि क्लायंटवर कोणी तिच्यावर "गेट-फुल-इयर" चालवलं की धाडकन पडतं, टाइपस्क्रिप्टने एक अक्षर तक्रार केलेली नसते. "अनडिफाइन्ड" असलेलं फील्ड गायब होतं, अ‍ॅरेमधलं अनडिफाइन्ड नल होतं, नॅन (आकडा नसलेला आकडा) पण नल होतं, मॅपचा रिकामा ऑब्जेक्ट होतो, आणि बिगइंट (फार मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) असेल तर जेसन-स्ट्रिंगिफाय सरळ टाइपएरर फेकतो (हे त्यातल्या त्यात बरं, निदान कळतं तरी). आयडी ६४ बिटचे असतील तर अजून एक. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये पूर्णांक खात्रीने ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच बसतात, त्यापुढचा आयडी जेसन पार्स होतानाच शेजारच्या आकड्यावर सरकू शकतो आणि मग दुसऱ्याच कोणाची नोंद उघडते. मोठे आयडी स्ट्रिंग म्हणूनच पाठवा. आणि काँट्रॅक्टमधला टाइप हा तारेवरून जाणाऱ्या डेटाचा असू दे, सर्व्हरच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टचा नको.

याच कारणाने ओआरएमची (डेटाबेसची टेबलं कोडमधल्या ऑब्जेक्टशी जोडणारी लायब्ररी) मॉडेल्स अजिबात शेअर करू नका, तुमच्या प्रस्तावातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही आहे. मॉडेल म्हणजे टेबलाचं चित्र. त्यात पासवर्डचा हॅश आहे, आतल्या नोंदी आहेत, उद्या टेबल बदललं की फ्रंटएंड मोडणार, आणि त्याहून वाईट म्हणजे "यूझर" नावाचा एकच टाइप दोन्हीकडे असला की अख्खा यूझर उचलून क्लायंटला पाठवणं इतकं सहज होतं की कोणाला चुकल्यासारखं वाटतच नाही. नेक्स्ट जेएसमध्ये (रिअ‍ॅक्टवर उभा फ्रेमवर्क) सर्व्हर कॉम्पोनंटमधून क्लायंट कॉम्पोनंटला प्रॉप देता तेव्हा तेच होतं, कोडमध्ये दिसतं साधं फंक्शनला ऑब्जेक्ट दिल्यासारखं, पण तो अख्खा ऑब्जेक्ट पेजसोबत ब्राउझरकडे जातो, स्क्रीनवर फक्त नाव दाखवत असलात तरी. सर्व्हर अ‍ॅक्शनचंही तसंच, दिसतं फंक्शन पण ते बाहेरून कोणीही हाक मारू शकेल असं एंडपॉइंट आहे, आत लॉगिन आणि परवानगी तपासलीच पाहिजे. क्लायंट आणि सर्व्हरमधली रेषा कोडमध्ये जितकी पुसट दिसते तितकं जास्त लक्ष द्यावं लागतं.

आता एक प्रसंग सांगते, आमच्याच एका प्रोजेक्टचा. पेज सर्व्हरवर रेंडर व्हायचं आणि मग ब्राउझरमध्ये तोच कोड पुढे चालायचा. शेअर केलेल्या एका फाइलमध्ये वर एक व्हेरिएबल होतं, "चालू भाषा", आणि सेट करायला एक फंक्शन. ब्राउझरमध्ये हे वर्षभर व्यवस्थित चाललं, कारण तिथे एका टॅबमध्ये माणूस एकच. सर्व्हरवर नोडची एकच प्रोसेस सगळ्यांना उत्तरं देते आणि मॉड्यूल एकदाच लोड होतं, म्हणजे ते व्हेरिएबल सगळ्यांचं मिळून एक. पहिल्या माणसाची रिक्वेस्ट आली, भाषा सेट झाली, मग डेटाबेससाठी अवेटवर थांबली, तेवढ्यात दुसऱ्याची आली, तिने भाषा बदलली, पहिली परत जागी झाली आणि दुसऱ्याच्या भाषेत पेज बनवून मोकळी. लोकल मशीनवर कधीच दिसेना कारण तिथे आपण एकटे असतो, लोड वाढला की दिसायचं. आठवडाभर आम्ही कॅश आणि सीडीएनवर (पेजच्या कॉप्या साठवून देणारी सेवा) संशय घेत बसलो होतो. ती भाषाच होती हे आमचं नशीब, कारण त्याच फाइलमध्ये "चालू यूझर" ठेवायचा पुल रिक्वेस्ट उघडा होता. तो मर्ज झाला असता तर एकाचा डेटा दुसऱ्याला दिसला असता. तेव्हापासून आमचा नियम आहे की शेअर केलेल्या कोडमध्ये मॉड्यूलच्या पातळीवर बदलणारं काहीही ठेवायचं नाही, जे लागतं ते पॅरामीटरने द्या. पॅरामीटर फारच खोल न्यावा लागत असेल तर सर्व्हरच्या बाजूला नोडचं असिंक-लोकल-स्टोरेज (प्रत्येक रिक्वेस्टची माहिती वेगळी ठेवायची सोय) वापरा, पण ते सर्व्हरच्या कोडमध्ये, काँट्रॅक्टमध्ये नाही.

हाच धागा वेळ आणि आकड्यांनाही लागू होतो. शेअर केलेल्या फंक्शनच्या आत "आत्ता किती वाजले" विचारू नका, "आत्ता" बाहेरून द्या. लोकांची घड्याळं चुकलेली असतात, सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतो, आणि सवलत संपली की नाही याचं उत्तर दोन्हीकडे वेगळं येतं. तारखेबद्दल एक बारीक गोष्ट: जावास्क्रिप्टमध्ये नुसती तारीख, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, पार्स केली तर ती यूटीसी धरली जाते, पण त्यापुढे वेळ लावली आणि झोन दिला नाही तर स्थानिक वेळ धरली जाते. त्यामुळे ज्यांची वेळ यूटीसीच्या मागे आहे त्यांना जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. जन्मतारखेसारखी गोष्ट वेळ नसतेच, ती स्ट्रिंग म्हणूनच ने-आण करा. सर्व्हर रेंडरिंग असेल तर तारीख आणि आकडे फॉरमॅट करताना टाइमझोन आणि लोकॅल दोन्ही स्पष्ट द्या, नाहीतर सर्व्हरने बनवलेला मजकूर आणि ब्राउझरने बनवलेला मजकूर जुळत नाही आणि हायड्रेशनची (सर्व्हरवरून आलेलं पेज ब्राउझरमध्ये चालतं करायची पायरी) तक्रार येते. रक्कम असेल तर सगळ्यात लहान एककात पूर्णांक ठेवा. १.००५ वर टू-फिक्स्ड २ चालवून बघा, १.०० येतं, कारण आत तो आकडा १.००५ पेक्षा किंचित कमी साठवलेला असतो.

किमतीचा हिशोब शेअर करावा का, तर हो, क्लायंटवर अंदाज दाखवायला आणि सर्व्हरवर खरा काढायला एकच शुद्ध फंक्शन असणं फार सुखाचं आहे. सर्व्हरने मात्र दर स्वतःच्या डेटाबेसमधून घ्यायचे, क्लायंटने पाठवलेला एकूण आकडा फक्त तुलनेसाठी, जुळला नाही तर "किंमत बदललीये" असं सांगायचं. परवानग्यांचंही तसंच: "हा माणूस ही नोंद बदलू शकतो का" हे फंक्शन बटण दाखवायला क्लायंटवर वापरा, पण सर्व्हरवर तेच फंक्शन डेटाबेसमधल्या यूझर आणि नोंदीवर परत चालवा.

एक मात्र लक्षात ठेवा, बंडलमध्ये (ब्राउझरकडे जाणारा एकत्र बांधलेला कोड) गेलेली प्रत्येक ओळ जग वाचू शकतं. मिनिफाय केलं (नावं-जागा कमी करून कोड आखूड केला) म्हणजे लपलं नाही. सवलतीच्या कूपनची यादी, आतले मार्जिनचे नियम, कोणाला संशयित ठरवायचं त्याचे निकष, हे शेअर केलेल्या फाइलमध्ये कॉन्स्टंट म्हणून पडले की ते उघडे झाले. "वापरलं नाही तर ट्री-शेकिंगमध्ये (न वापरलेला कोड बिल्डमध्ये काढून टाकणं) निघून जाईल" असं लोक म्हणतात, बऱ्याचदा जातंही, पण ती साइज कमी करायची सोय आहे, सुरक्षेची भिंत नाही. एखाद्या फाइलमध्ये साइड इफेक्ट (नुसती लोड झाली तरी काहीतरी करणारा कोड) असला की ती आत राहू शकते. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सना (कोडच्या बाहेर ठेवलेल्या सेटिंग्ज) व्हीट (बिल्डचं साधन) आणि नेक्स्टमध्ये विशिष्ट प्रिफिक्स लावल्याशिवाय ती क्लायंटला जात नाहीत ते याचसाठी. कोणीतरी "चालत नाहीये" म्हणून सिक्रेटलाच तो प्रिफिक्स लावून टाकतं, रिव्ह्यूमध्ये यावर डोळा ठेवा. आम्ही सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) एक सोपी गोष्ट करतो: टेस्ट बिल्डच्या वेळी सर्व्हरच्या प्रत्येक सिक्रेटच्या जागी एक विचित्र ओळखू येणारी स्ट्रिंग ठेवतो, आणि बिल्ड झाल्यावर क्लायंटच्या बंडलमध्ये ती शोधतो, सापडली तर बिल्ड फेल. लिहायला अर्धा तास लागला आणि त्याने आम्हाला दोनदा वाचवलंय.

मांडणीबद्दल. शक्य असेल तर एकच रेपो करा, आत वर्कस्पेसेस (एकाच रेपोत अनेक पॅकेजेस जोडून ठेवायची सोय). यार्न, एनपीएम, पीएनपीएम ही पॅकेजेस सांभाळणारी साधनं; यार्नमध्ये हे २०१७ पासून आहे, एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून म्हणजे २०२० पासून तिथेही आहे, पीएनपीएममध्ये तर छानच आहे. वेब, एपीआय आणि काँट्रॅक्ट अशी तीन पॅकेजेस. वेब आणि एपीआय दोघं काँट्रॅक्टवर अवलंबून, काँट्रॅक्ट कोणावरच नाही, आणि वेबने एपीआयमधून काहीही घ्यायचं नाही. हे तोंडी सांगून राहत नाही, लिंटमध्ये (कोडमधल्या नियमभंगांची आपोआप तपासणी) इम्पोर्टवर बंदीचा नियम घाला. काँट्रॅक्टच्या टीएस-कॉन्फिगमध्ये (टाइपस्क्रिप्टची सेटिंग्जची फाइल) "लिब"मध्ये डॉम (ब्राउझरच्या पेजचे टाइप्स) ठेवू नका आणि "टाइप्स" रिकामं ठेवा, म्हणजे तिथे कोणी विंडो लिहिलं तरी लाल रेघ आणि प्रोसेस लिहिलं तरी लाल रेघ. कन्सोलसुद्धा चालणार नाही, लोक यावर कुरकुर करतात, पण त्या पॅकेजमध्ये लॉग करायचं कामच नाही. ही एक सेटिंग दहा पानी गाइडलाइनपेक्षा जास्त काम करते असा माझा अनुभव आहे. नेक्स्ट वापरत असाल तर सर्व्हरच्या फाइल्समध्ये "सर्व्हर-ओन्ली" इम्पोर्ट करा, चुकून क्लायंटने ओढली तर बिल्डच थांबतं. वेबपॅकने (बंडल बनवणारं साधन) पाचव्या आवृत्तीपासून नोडच्या मॉड्यूल्सचे पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेल्या गोष्टीचा पर्यायी कोड) आपोआप घालणं बंद केलं तेव्हा अनेक प्रोजेक्ट्सना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या ब्राउझरच्या कोडमध्ये क्रिप्टो आणि बफर येऊन बसलेत.

काँट्रॅक्टच्या डिपेंडन्सीजवर कंजूषपणा करा. तिथे घातलेली प्रत्येक लायब्ररी प्रत्येकाच्या फोनवर उतरते. सर्व्हरवर काही एमबीची लायब्ररी कोणाला जाणवत नाही, स्वस्त फोन आणि कमजोर नेटवर्कवर फार जाणवते. आमच्याकडे काँट्रॅक्टला एकच डिपेंडन्सी आहे, झॉड, दुसरी घालायची तर बोलून.

दोन रेपो एकत्र करणं शक्यच नसेल (टीम वेगळ्या, परवानग्या वेगळ्या, असतात कारणं) तर काँट्रॅक्ट खाजगी पॅकेज म्हणून पब्लिश करा. गिट सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरा रेपो जोडायची सोय) मी तीनदा वापरून बघितलं आणि तिन्ही वेळा काढलं. कोणाचा ना कोणाचा पॉइंटर जुन्या कमिटवर राहतोच.

आता ज्या गोष्टीचा विचार लोक सगळ्यात उशिरा करतात ती. कोड एका रेपोत, एकाच कमिटमध्ये बदलला, टेस्ट हिरव्या, म्हणून वाटतं की दोन्ही बाजू नेहमी एकाच आवृत्तीवर असतात. नसतात. तुम्ही डिप्लॉय करता त्या क्षणी हजारो टॅब जुना बंडल घेऊन उघडे आहेत, काही कालपासून, काही आठवड्यापासून, आणि ते सगळे नव्या सर्व्हरशी बोलणार आहेत. मोबाइल अ‍ॅप असेल तर महिन्यांचा हिशोब. शेअर केलेला स्कीमा ही रेपोपुरतीच एकवाक्यता आहे, चालू जगातली नाही.

आम्हाला हे असं कळलं: ऑर्डरच्या स्थितीची यादी काँट्रॅक्टमध्ये इनम (ठरलेल्या किमतींची बंद यादी) म्हणून होती आणि क्लायंट रिस्पॉन्ससुद्धा स्कीमातून पार्स करायचा. सर्व्हरवर एक नवी स्थिती वाढवली, "अंशतः परत". टाइपस्क्रिप्टने सांगितलं त्या सगळ्या जागा दुरुस्त केल्या, दोन्ही एकत्र डिप्लॉय केलं, सगळं नीट. आणि ज्यांचे टॅब जुने होते त्यांची ऑर्डरची यादी पूर्ण कोरी, कारण पन्नास ऑर्डरींमध्ये एक नव्या स्थितीची होती आणि जुना स्कीमा अख्खी यादी नाकारत होता. तेव्हापासून आत येणाऱ्या डेटाला सर्व्हर काटेकोर, पण सर्व्हरकडून आलेल्या डेटाला क्लायंट सैल. अनोळखी फील्ड सोडून द्यायचं (झॉडचा साधा ऑब्जेक्ट तसंच करतो, स्ट्रिक्ट करू नका), अनोळखी इनमला "इतर" धरायचं, यादीतली एक नोंद बिघडली तर ती वगळून बाकीची दाखवायची आणि लॉगला कळवायचं.

फील्डचं नाव बदलायचं असेल तर एका झटक्यात बदलू नका. आधी नवं फील्ड वाढवा आणि सर्व्हरला दोन्ही चालू द्या, मग क्लायंट नव्यावर न्या, आणि जुनं कोणी पाठवत नाहीये हे लॉगमध्ये दिसलं की काढा. यासाठी क्लायंटने प्रत्येक रिक्वेस्टसोबत हेडरमध्ये स्वतःची बिल्ड आवृत्ती पाठवावी, फुकटात मिळणारी माहिती आहे. आणि डिप्लॉय करताना जुन्या बंडलच्या फाइल्स लगेच पुसू नका, जुना टॅब पुढच्या पेजचा तुकडा मागतो आणि त्याला ४०४ मिळतं.

आता पायथॉन. तिथे तुमचा टाइपस्क्रिप्टचा कोड चालणार नाही, आणि फक्त कोड शेअर करता यावा म्हणून तो भाग नोडमध्ये परत लिहायचा विचार असेल तर माझं स्पष्ट मत आहे की करू नका. पायथॉनमध्ये तो चालतोय, त्यामागे लायब्ररीज आहेत, माणसं आहेत. आकाराचा भाग वर्णनातून नेता येतो: झॉडच्या स्कीमातून जेसन स्कीमा किंवा ओपनएपीआय (कुठल्याही भाषेत वाचता येणारी डेटाची वर्णनं) काढा, त्यातून पायथॉनची मॉडेल्स जनरेट करा, आणि सीआयमध्ये परत जनरेट करून फरक आला तर बिल्ड फेल करा. जनरेट झालेल्या फाइलला हाताने कोणी हात लावायचा नाही.

वागणुकीचा भाग मात्र वर्णनात मावत नाही आणि तिथेच बारीक फरक लपलेले असतात. जावास्क्रिप्टमध्ये मॅथ-राउंड २.५ चे ३ करतो, पायथॉन ३ चा राउंड त्याच २.५ चे २ करतो, कारण तो बरोबर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेतो. इमोजीची लांबी जावास्क्रिप्ट बहुधा २ सांगतो, पायथॉन १. रेगएक्समधला (मजकूर जुळवून बघायचे पॅटर्न) बॅकस्लॅश डी, म्हणजे "कुठलाही आकडा", जावास्क्रिप्टमध्ये फक्त ० ते ९ चे इंग्रजी आकडे ओळखतो, पायथॉन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर तोच पॅटर्न देवनागरी आकडेही ओळखतो, इतकंच नाही तर पायथॉनचा इंट "१२" हे देवनागरीतलं स्ट्रिंग घेऊन सरळ बारा देतो आणि जावास्क्रिप्टचा नंबर त्याला नॅन म्हणतो. म्हणजे मराठी कीबोर्डवरून कोणी फोन नंबर टाकला तर वेबचा फॉर्म नाकारणार आणि एक्सेलमधून पायथॉनच्या इम्पोर्टने आला तर आत जाणार, आणि डेटाबेसमध्ये एकाच माणसाचे दोन नंबर. माझ्या मते असे आकडे नाकारू नयेत, दोन्हीकडे आत घेतानाच एका रूपात आणावेत, माणसाने आपल्या लिपीत आकडा लिहिला ही चूक नव्हे.

लांबीचा अजून एक सापळा पासवर्डचा आहे. "कमाल ७२" ही मर्यादा लोक बीक्रिप्टवरून (पासवर्डचा हॅश करायची पद्धत) घेतात, पण बीक्रिप्टची मर्यादा ७२ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट घेतं, म्हणजे २४ चिन्हांतच संपलं, आणि "क्षि" एकटंच चार चिन्हांचं आहे. पुढचं काही अंमलबजावण्या गपचूप कापून टाकतात, काही एरर देतात. मर्यादा बाइटमध्येच मोजा, दोन्ही बाजूंना.

अशा ठिकाणी मी कोडऐवजी टेस्टची उदाहरणं शेअर करते. एक जेसन फाइल, त्यात इनपुट आणि अपेक्षित उत्तर अशा जोड्या: रिकामं नाव, चाळीस अक्षरांचं, एक्केचाळीसचं, इमोजीवालं, देवनागरी आकड्यांचा नंबर, २.५ ची रक्कम, २९ फेब्रुवारी. टाइपस्क्रिप्टच्या टेस्ट ती फाइल वाचतात, पायथॉनच्या टेस्ट पण तीच वाचतात. प्रत्यक्षात एखादा बग सापडला की आधी त्याची जोडी या फाइलमध्ये पडते, दोन्हीपैकी एक बाजू लाल होते, मग दुरुस्ती. आमची फाइल आता साडेतीनशेच्या वर ओळींची आहे आणि नवीन माणूस टीममध्ये आला की मी त्याला कोडच्या आधी ती वाचायला देते.

सुरुवात तुमच्या त्या नोंदणीच्या फॉर्मपासूनच करा, फक्त तेवढाच एक. काँट्रॅक्ट पॅकेज, एक स्कीमा, एररचे कोड, पंधरा-वीस उदाहरणांची फाइल, आणि वर सांगितलेल्या टीएस-कॉन्फिग आणि लिंटच्या सेटिंग्ज. एवढं एका आठवड्यात होतं. मॉडेल्स आहेत तिथेच राहू द्या, आणि ४० की ५० हे प्रॉडक्टवाल्यांना विचारून घ्या, कारण डेटाबेसमध्ये आत्ताच ४० पेक्षा लांब नावं असतील तर त्या लोकांना उद्या स्वतःची प्रोफाइल सेव्ह करता येणार नाही.